शनिवारवाड्यातला खून आणि रामशास्त्र्यांचा तपास

(नवीन जालना इथं झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन)



मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं आम्हाला जिन्यातच गाठलं. म्हणाला, "सर, सध्या आमच्या घरी सगळे चिनी मालिका बघतायत. सम्राटाच्या वाड्यात खून होतो. राण्या, सम्राटाचे भाऊ, खोजे, सेनापती, सगळ्यांवर संशय. आणि एक न्यायाधीश एकेक धागा धरून शोध घेत जातो. आपल्याकडे असं काही घडलंच नाही का?"

आम्ही त्याला म्हटलं, घडलंय. आणि त्याचे शिंतोडे तुझ्या जिल्ह्यापर्यंत उडालेत. पण जिन्यात उभं राहून सांगण्यासारखी ती गोष्ट नाही, पुढच्या वेळी ये. तो आज आलाय, मागच्या रांगेत बसलाय. तेव्हा आजचा विषय त्याचा.

आधी त्या चिनी न्यायाधीशाबद्दल दोन शब्द. तो अगदीच कल्पनेतला नाही. डी रेन्जिए नावाचा अधिकारी सातव्या शतकात तांग राजवटीत खरोखर होऊन गेला. सम्राज्ञी वू हिच्या पदरी तो मोठ्या हुद्द्यावर होता. पुढं चिनी कथाकारांनी त्याला खुनाचा शोध लावणारा नायक केला, आणि विसाव्या शतकात रॉबर्ट व्हान ग्युलिक या डच मुत्सद्द्यानं त्याच्यावर इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या. या गोष्टी वाचायला मजा येते. पण त्यांत एक सोय असते, ती लक्षात घ्या. न्यायाधीशाच्या पाठीशी सिंहासन असतं. खुनी कितीही मोठा निघाला, तरी तो सिंहासनाच्या खालच्या पायरीवरचा असतो. म्हणून शेवटी त्याला पकडता येतं.

आता प्रश्न असा, की माग काढत काढत न्यायाधीश थेट गादीपाशीच पोहोचला तर? ज्याच्या नावानं तो न्याय देतो, तोच आरोपी निघाला तर? आपल्याकडे 1773 साली नेमकं हेच झालं.

पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक आहे, तरी थोडक्यात उजळणी करू. 14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं. नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव तिथं पडला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेबही गेले. गादीवर आले दुसरे चिरंजीव, माधवराव. वय सोळा. नानासाहेबांचे सख्खे भाऊ रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, हयात होते. पराक्रमी माणूस. 1758 साली मराठ्यांची फौज अटकेपर्यंत गेली ती यांच्याच नेतृत्वाखाली. आता बघा, ज्याच्या घोड्यांनी सिंधूचं पाणी पाहिलं, त्यानं सोळा वर्षांच्या पुतण्यापुढं मुजरा करायचा. त्यांना ते कधीच पचलं नाही. काका-पुतण्यांच्या लढाया झाल्या, तह झाले, पुन्हा बिघडलं. अखेर 1768 साली धोडपला माधवरावांनी काकांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं.

18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला माधवराव क्षयानं गेले. वय सत्तावीस. धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. तो सतरा वर्षांचा. उतावळा होता, रागीट होता, माणसं दुखावायचा, असं त्याच्याबद्दल लिहिलं जातं. असेलही. सतरा वर्षांचा मुलगा आणखी कसा असतो? पण त्यामुळं त्याच्याविरुद्ध असणाऱ्यांची यादी लांबत गेली. काका कैदेत धुमसत होते. प्रभू ज्ञातीच्या ग्रामण्याच्या वादात त्यानं घेतलेल्या भूमिकेमुळं त्या ज्ञातीतले मुत्सद्दी नाराज होते. नागपूरकर भोसल्यांच्या घरात साबाजी आणि मुधोजी या भावांची गादीवरून भांडणं चालू होती, आणि मुधोजीच्या बाजूच्या वकिलांना पुण्यात राघोबादादा वर आलेले हवे होते. हे मुधोजीचं नाव लक्षात ठेवा, शेवटी ते पुन्हा येणार आहे.

आणि वाड्याचा पहारा? तो गारद्यांच्या हाती होता. गारदी म्हणजे कवायती पायदळ, पगारी शिपाई. त्यांच्या पगाराचा तगादा चालू होता.

30 ऑगस्ट 1773, सोमवार. भाद्रपद महिना, गणपतीचे दिवस, वाड्यात उत्सव. त्या दिवशी सकाळी नारायणरावाच्या कानावर काहीतरी शिजतंय अशी कुणकुण आली होती. त्यानं हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंत म्हणाले, करतो, आणि जेवायला गेले. इतिहासात मोठमोठ्या कटांइतकंच अशा जेवायला जाण्यालाही महत्त्व असतं, मंडळी. दुपारी एकच्या सुमारास गारदी पगाराच्या निमित्तानं आरडाओरडा करत वाड्यात घुसले. नारायणराव पळत काकांच्या दालनात गेला आणि त्यांच्या कमरेला मिठी मारली. दादांचा नोकर तुळाजी पवार यानं त्याला ओढून बाजूला केलं, आणि सुमेरसिंग गारद्यानं वार केले. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला, तोही मारला गेला. पेशव्यासकट दहा-अकरा माणसं त्या अर्ध्या तासात गेली. वाड्याच्या ज्या दरवाजातून नारायणरावाचे अवशेष बाहेर नेले, त्याला आजही नारायण दरवाजा म्हणतात.

"काका, मला वाचवा" ही हाक तुम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकली असेल. अमावास्येच्या रात्री वाड्यात ती ऐकू येते म्हणतात. आम्हाला त्या भुताच्या गोष्टीत रस नाही. पण लोकांना अडीचशे वर्षं ती हाक ऐकू येते आहे, म्हणजे प्रकरण मिटलं असं लोकांना वाटलेलं नाही, एवढं मात्र खरं.

आता तपासाकडे येऊ.

कुठल्याही खुनात तीन प्रश्न असतात. कोणी मारलं? कोणी मारायला लावलं? आणि कोणी ते होऊ दिलं? पहिल्याचं उत्तर इथं सोपं होतं. भर दिवसा, भर वाड्यात, पन्नास डोळ्यांदेखत झालेला खून. सुमेरसिंग, महंमद इसफ, खरगसिंग, तुळाजी पवार, नावं सगळ्यांना ठाऊक होती. चिनी मालिकेसारखं विषाच्या पेल्याचं रहस्य नव्हतं. रहस्य होतं ते दुसऱ्या प्रश्नात. आणि धोका होता तो तिसऱ्यात.

आणि मारेकऱ्यांना पकडणार कोण? खून झाल्या झाल्या वाड्यात सत्ता कोणाची होती? राघोबादादांची. गारदी त्यांचे, दरवाजे त्यांच्या ताब्यात. साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आणायला माणसं रवाना झाली. शहरानं दुकानं बंद केली, पुन्हा उघडली. मुत्सद्दी दादांना जाऊन भेटले. प्रत्येकाच्या घरी मुलंबाळं होती. त्यांना नावं ठेवायला आपण आज पंख्याखाली बसलो आहोत, तेव्हा जरा जपून.

अशा वेळी एका माणसानं ठरवलं, की आपलं काम आपण करायचं. रामशास्त्री प्रभुणे, पेशव्यांचे न्यायाधीश. गाव साताऱ्याजवळचं माहुली. योगायोग असा, की राघोबादादांचा जन्मही माहुलीचाच. रामशास्त्री लहानपणी साताऱ्यात अनगळ सावकारांकडे नोकरीला होते. विद्या उशिरा सुरू झाली, काशीला जाऊन पुरी केली. 1759 पासून ते पुण्यात न्यायाधीश. माधवरावांना त्यांनी एकदा तोंडावर सुनावल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पेशवे जपाला बसले होते आणि कामाची माणसं बाहेर खोळंबली होती. शास्त्रीबोवा म्हणाले, जप करायचा तर राज्य सोडून काशीला चला, राज्य करायचं तर लोकांचं काम आधी. माधवरावांनी ऐकलं. असा धनी होता तोवर न्यायाधीशाचं धैर्य धन्यालाच शोभा देत होतं. आता धनी बदलला होता.

रामशास्त्र्यांनी चौकशी सुरू केली. सुमारे सहा आठवडे ती चालली. त्यांच्या हाताशी आजच्यासारखी बोटांचे ठसे, रक्ताच्या चाचण्या अशी साधनं नव्हती. होत्या त्या साक्षी, देण्याघेण्याच्या नोंदी, कोण कोणाकडे कधी गेलं-आलं याचे जबाब, आणि कागद. या चौकशीत सुमारे पन्नास माणसांचा हात निघाला. आणि इथं आम्ही तुम्हाला थांबवून एक गोष्ट सांगणार आहोत. त्या पन्नासांत गारदी थोडे होते. बाकीचे वाड्यातले, कचेरीतले, पांढरपेशे लोक होते. ब्राह्मण होते, प्रभू होते, मराठे होते. गारद्यांतही हिंदू होते आणि मुसलमानही होते.

आपल्या आठवणीत मात्र काय राहिलं? "गारद्यांनी मारलं." जणू बाहेरून कोणी टोळधाड आली. लेखणीवाले त्या आठवणीतून अलगद निसटले. आणि गारदी या शब्दालाच डाग लागला. अहो, पानिपतावर तोफा आणि कवायती पायदळ घेऊन मराठ्यांच्या बाजूनं शेवटपर्यंत लढलेला आणि त्यापायी जीव गमावलेला इब्राहिमखान, तोही गारदीच होता की.

दुसरी आठवण आनंदीबाईची. 'ध' चा 'मा' केला. दादांनी लिहून दिलं 'धरावे', म्हणजे नारायणरावाला पकडावं. बाईंनी 'ध' खोडून 'मा' केला, झालं 'मारावे'. मराठीत हा वाक्प्रचारच झाला. शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. आता आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, त्यामुळं सवयीनं विचारतो. हे आपल्याला कुठून कळलं?

ही हकिकत ठसठशीतपणे येते ती ग्रँट डफच्या इतिहासात. जेम्स ग्रँट डफ हा साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट. त्याचा ग्रंथ 1826 साली निघाला, म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी. तो म्हणतो, तो कागद रामशास्त्र्यांना सापडला होता, त्यात शब्द बदललेला होता, आणि तो आनंदीबाईनं बदलला असा लोकांचा समज आहे. यातली दोन विधानं वेगळी करा. कागदात शब्द बदललेला होता, हे एक. तो अमक्या व्यक्तीनं बदलला, हे दुसरं. पहिलं कागद पाहून सांगता येतं. दुसऱ्यासाठी हस्ताक्षर लागतं, साक्षीदार लागतो, कागद कोणाकोणाच्या हातून गेला याची साखळी लागते. डफ स्वतः दुसरं विधान समज म्हणून देतो. तो मूळ कागद आज आपल्यापुढं नाही, आणि बाईंनी ते अक्षर बदललं असं सांगणारा समकालीन पुरावाही नाही.

मग तो समज इतका पक्का का बसला? कारण तो सगळ्यांच्या सोयीचा होता. दादांच्या सोयीचा, कारण त्यांच्याकडं फक्त "पकडा" एवढाच दोष राहतो. दरबाराच्या सोयीचा, कारण घरातला कलह बाईच्या माथी मारणं ही आपली जुनी खोड. कैकेयीपासून चालत आलेली. आणि रंगभूमीच्याही सोयीचा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' 1909 सालचं. त्यात आणि नंतरच्या नाटकांत-गोष्टींत आनंदीबाईची जी मूर्ती उभी राहिली, ती पुसणं आता इतिहासाच्या हाती राहिलेलं नाही. बाई निर्दोष होत्या असं आम्ही म्हणत नाही. त्याचाही पुरावा लागेल. आरोप सिद्ध झाला नाही, एवढंच म्हणतो. आरोप आणि निकाल यांतलं अंतर ज्याला कळत नाही, त्यानं रामशास्त्र्यांच्या तसबिरीला हार घालू नये.

समजा, दादांनी फक्त 'धरावे' लिहिलं होतं. तरी त्यांची सुटका होते का? नाही होत. ज्यांचा पगार थकलाय, ज्यांच्या हातात तलवारी आहेत, त्यांना तुम्ही राज्याच्या धन्यावर सोडता. पुढं काय होऊ शकतं हे अटकेपार गेलेल्या सेनापतीला कळत नव्हतं? शिवाय पुतण्या कमरेला मिठी मारून उभा होता तेव्हा कागद मध्ये नव्हता. तिथं अक्षराचा प्रश्न नव्हता.

चौकशी पुरी झाल्यावर रामशास्त्र्यांनी राघोबादादांना समोरासमोर विचारलं. दादांनी पकडण्याचा हुकूम दिल्याचं कबूल केलं, मारण्याचा नाही म्हणाले. आणि प्रायश्चित्त विचारलं. शास्त्र्यांनी सांगितलं, देहान्त प्रायश्चित्त. दुसरं नाही.

आता इथं तत्त्वज्ञानाच्या जुन्या शिक्षकाला थोडी मोकळीक द्या. आपल्या धर्मशास्त्रात दंड आणि प्रायश्चित्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंड दुसरा देतो. त्यामागं राजाची सत्ता लागते. प्रायश्चित्त स्वतः घ्यावं लागतं. त्यामागं गुन्हेगाराचं मन लागतं. मग राजानंच गुन्हा केला तर दंड कोण देणार? हा पेच आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. मनुस्मृतीत असं आहे, की ज्या गुन्ह्याला सामान्य माणसाला एक नाणं दंड, त्याच गुन्ह्याला राजाला हजार. ऐकायला फार छान. पण वसूल कोण करणार? राजानं तो स्वतःहून पाण्यात, म्हणजे वरुणाला, अर्पण करावा किंवा विद्वान ब्राह्मणांना द्यावा, अशी तिथं सोय सुचवली जाते. म्हणजे गाडी फिरून राजाच्या मर्जीवरच येते. तिकडं चीनमध्ये तांग काळच्या कायद्यात तर राजघराण्यातल्या आणि बड्या लोकांसाठी वेगळ्या विचाराची, सवलतीची तरतूदच लिहून ठेवली होती. प्रश्न सगळीकडं तोच. कायदा वर चढत जातो आणि शेवटच्या पायरीवर त्याचा दम तुटतो.

रामशास्त्र्यांकडं फौज नव्हती. ते दंड देऊ शकत नव्हते. पण दंड देता येत नाही म्हणून निकालही देता येत नाही, असं त्यांनी मानलं नाही. आम्हाला त्यांची थोरवी इथं दिसते. जे दंड म्हणून अमलात आणता येत नव्हतं, ते त्यांनी प्रायश्चित्त म्हणून सांगितलं. म्हणजे गुन्हेगाराच्या गळ्यात दोर नाही घातला, पण तो दोर त्याच्या पुढ्यात ठेवला. घ्यायचा की नाही, तुम्ही ठरवा. पण हा तुमचाच आहे.

दादांनी अर्थातच तो घेतला नाही. मग शास्त्र्यांनी सांगितलं, तुम्ही गादीवर आहात तोवर या राज्याची नोकरी नाही, पुण्यात पाऊल नाही. आणि वाईजवळच्या पांडववाडीला निघून गेले.

10 ऑक्टोबर 1773 ला आळेगावला राघोबादादांनी पेशवाईची वस्त्रं घेतली. खुनानंतर सहा आठवड्यांच्या आत. म्हणजे बघा, एकीकडं सहा आठवडे चौकशी चालू आणि दुसरीकडं सहा आठवडे वस्त्रांची तजवीज चालू. दोन्ही एकाच राज्यात.

इथं 'रामशास्त्री' चित्रपट संपावा असं वाटतं. प्रभातचा, 1944 चा, गजानन जागीरदारांचा. आमच्या वडिलांनी तो पाहिला होता आणि ते निघून जाण्याचा प्रसंग सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. पण इतिहास तिथं संपत नाही.

पुढं बारभाईंचं कारस्थान झालं. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके, हो, तेच जेवायला गेलेले, आणि इतर कारभारी एक झाले. नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर सुरक्षित ठेवलं. 18 एप्रिल 1774 ला तिला मुलगा झाला, तो सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या बाळाला वस्त्रं मिळाली आणि राघोबादादा पदच्युत झाले. मारेकऱ्यांचा शोध मग जोरात सुरू झाला. महंमद इसफ सापडला आणि मारला गेला. खरगसिंग आणि तुळाजी पवार हैदरअलीच्या आश्रयाला गेले होते. त्यानं पुढं त्यांना पुण्याच्या स्वाधीन केलं आणि त्यांना हाल करून मारण्यात आलं. रामशास्त्री सन्मानानं परत आले. दादा गादीवर नव्हते, तेव्हा वचनही मोडलं नाही. 1789 साली ते गेले, तोवर न्यायाचं काम करत राहिले.

मग न्याय झाला का? म्हणाल तर झाला. पण नीट बघा. हात सापडले, त्यांना शिक्षा झाली. डोकं मात्र सुरतेला इंग्रजांकडं गेलं. मार्च 1775 मध्ये राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. मला गादीवर बसवा, साष्टी घ्या, वसई घ्या. तिथून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध. 1779 ला वडगाव, 1782 ला सालबाईचा तह. त्या तहात खुनाचा आरोपी असलेल्या माणसाला शिक्षा नाही, तर महिन्याला पंचवीस हजारांची नेमणूक ठरली. 1783 साली ते कोपरगावला वारले. अंथरुणावर.

आता शिंतोडे जालन्यापर्यंत कसे आले ते सांगतो.

राघोबादादा आणि आनंदीबाई यांचा मुलगा दुसरा बाजीराव. जन्म 1775, धारला. आईबाप पळापळीत असताना. कैदेत, संशयात वाढलेलं पोर. 1795 ला सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या गच्चीवरून पडून गेले, आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. गादी फिरून राघोबादादांच्याच घरात आली. एप्रिल 1801 मध्ये या बाजीरावानं विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी देऊन मारलं. त्याला अडवणारा कोणी रामशास्त्री तेव्हा वाड्यात नव्हता. भाऊ मारला गेला म्हणून यशवंतराव होळकर चालून आले, 25 ऑक्टोबर 1802 ला पुण्याजवळ त्यांनी पेशव्यांची आणि शिंद्यांची फौज मोडली. बाजीराव पळाला तो वसईला, इंग्रजांकडं. 31 डिसेंबर 1802 ला वसईचा तह झाला. बाप जिथं गेला होता, तिथंच मुलगा गेला.

तो तह शिंद्यांना आणि नागपूरकर भोसल्यांना मान्य नव्हता. दुसरं युद्ध पेटलं आणि ते आपल्या दारात आलं. 1803 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला कर्नल स्टीव्हन्सननं जालन्याचा किल्ला घेतला. 21 सप्टेंबरला बदनापूरला त्याची आणि आर्थर वेलस्लीची भेट झाली, पुढचा बेत ठरला. बदनापूर! आपण इथून संभाजीनगरला जाताना ज्या गावावरून जातो ते. दोन दिवसांनी, 23 सप्टेंबरला, आपल्याच जिल्ह्यात असईला लढाई झाली. इंग्रजांची मेलेली-जखमी माणसं दीड हजारांहून अधिक, मराठ्यांची त्याहून जास्त. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, 1815 ला वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध जिंकला. आणि असईला शिंद्यांच्या बाजूला कोण होतं? नागपूरचे दुसरे रघुजी भोसले. त्याच मुधोजीचे चिरंजीव, ज्याच्या वकिलांना 1773 साली पुण्यात राघोबादादा हवे होते. बापाच्या माणसांनी ज्या घराला हात दिला, त्या घराच्या तहाची किंमत मुलानं केळणा आणि जुई नद्यांच्या काठी मोजली.

एका खुनानं मराठ्यांचं राज्य गेलं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. तोफा, पैसा, सरदारांतली फूट, कारणं पुष्कळ आहेत. पण न मिटलेला गुन्हा घरात राहतो. जमिनीच्या वाटणीत एकानं खोटी सही केली, तर तिसऱ्या पिढीतली पोरं बांधावर कुऱ्हाडी काढतात, हे तुम्ही-आम्ही जालन्याच्या कोर्टात रोज बघतो. राज्याचंही तसंच आहे.

शेवटी एक सांगायचं आहे. सांगावं की नाही, असं बरेच दिवस घोळत होतं.

नोकरीत असताना एका संस्थेत आम्हाला चौकशी समितीवर नेमलं होतं. फीच्या हिशोबात पैसे कमी आले होते. तिघांची समिती. आळ एका लेखनिकावर होता. कागद वाचता वाचता कळलं, की उचल केलेल्या पावत्यांवर सही वरच्या माणसाची आहे. आम्ही तिघांनीही ते पाहिलं. तिघंही काही बोललो नाही. अहवालात आधी 'अपहार' असा शब्द होता. चर्चा झाली आणि तिथं 'अनियमितता' आला. अनियमिततेला कोणी जबाबदार नसतं. लेखनिकाच्या दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या. आम्ही सही केली. त्या वर्षी आम्ही वर्गात कांटचं नीतिशास्त्र शिकवत होतो.

आमच्यावर कोणी तलवार उगारली नव्हती. गारदी दारात नव्हते. फार तर एखादी बदली झाली असती. तो लेखनिक पुढं कितीतरी वर्षं रस्त्यात भेटला की हात जोडून नमस्कार करायचा, "सर, बरे आहात ना?" आणि आम्ही घड्याळात बघायचो.

'ध' चा 'मा' करणाऱ्या बाईला आपण अडीचशे वर्षं नावं ठेवतो. तिच्याविरुद्ध पुरावा नाही. आमच्याविरुद्ध आहे. आमचं अक्षर आहे, आमची सही आहे. म्हणून रामशास्त्र्यांवर बोलताना आता आम्हाला टाळ्या नको वाटतात. ते थोर होते हे सांगणं सोपं आहे. त्यांच्या जागी आपण कुठला शब्द लिहिला असता, हे स्वतःला विचारणं जड जातं.

आता प्रश्न घेऊ. हां, ताई, बोला.

"सर, म्हणजे शास्त्री जिंकले की हरले? राघोबाला शिक्षा तर झालीच नाही."

चांगलं विचारलंत. शिक्षा देता आली का, एवढंच बघितलं तर हरले. पण त्यांनी ते देहान्त प्रायश्चित्त सांगितलं नसतं, तर काय झालं असतं बघा. राघोबादादा रीतसर पेशवे ठरले असते, आणि नारायणराव गारद्यांच्या पगाराच्या दंगलीत गेला अशी दप्तरात नोंद झाली असती. आपणही आज तेच वाचलं असतं. कारभारी पुढं उठले, ते का उठले, त्यात त्यांचा स्वार्थ किती, हे सगळं आहेच. पण खुनाला खून म्हणणारा निकाल आधी कोणीतरी दिलेला होता, म्हणून त्यांना उठायला जागा मिळाली. न्यायाधीशाचं काम तिथवरच असतं. पुढचं बाकीच्यांचं.

आणि मागच्या रांगेतल्या आमच्या मित्रा, तुझी ती मालिका खुशाल बघ. फक्त एकदा सुट्टीच्या दिवशी गाडी काढून असईला जाऊन ये. बदनापूरला वाटेत चहा घे.